बोटाला लागणारं नाव

१६ जानेवारी २०२५, साकोली

राइस मिलवाले दरवर्षी एक डायरी देतात आणि माझी बायको धुरपता दरवर्षी तिच्यावर वरणाचा गरम गंज ठेवते. यंदा मी ती आधीच उचलली, कारण यंदा लिहून ठेवावं असं काही घडलं आहे. काल आमच्या गाळ्यात लेझर मशीन आलं. एक नव्हे, दोन. मोठं मशीन लाकूड, काच, चामडं, कापड अशा कामाचं, आणि छोटं फक्त धातूचं. नागपूरहून टेम्पोत आलं. उतरवायला सहा माणसं लागली आणि बस स्टँडसमोरचा निम्मा बाजार बघायला उभा होता.

ही डायरी उद्या कुणाच्या हाती पडली तर माणूस कोण हे कळावं. मी यादोराव कवडू मेश्राम, वय चौसष्ट. सत्तेचाळीस वर्षं भांड्यांवर नावं टाकतो आहे. छिन्नी आणि हातोडी, तिसरं काही नाही. लेकीला आंदणात दिलेला पाण्याचा गुंड असो की मामाचा आहेर, भांडं ज्यानं दिलं त्याचं नाव त्यावर पाहिजेच, ही आमच्याकडची रीत. साकोलीपासून लाखांदूरपर्यंत कोणत्याही घरात जा, फळीवरच्या भांड्यांवर माझं अक्षर दिसेल. मधे ती करंटवर घुर्रघुर्र करणारी पेन आली, तेव्हाही लोक माझ्याच टपरीसमोर बसून राहायचे. ही फुशारकी नाही, खरं आहे म्हणून लिहितो.

मशीन आणलं माझ्या पोरीनं, तृप्तीनं. डिप्लोमा केला, पाच वर्षं नागपुरात लेझरच्या कारखान्यात राबली आणि दिवाळीत येऊन म्हणाली, बाबा, टपरी सोडा, गाळा घेऊ. मी नाही म्हटलं. तिनं गाळा घेतला.

सकाळी बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंसमोर मेणबत्ती लावली, धुरपतानं वंदना म्हटली, पेढे वाटले. पहिलं काम मी करावं असा तृप्तीचा हट्ट. सागाची फळी ठेवली, तिनं दाखवलेलं बटन दाबलं. झाकणाखाली बारीक ठिणगी इकडून तिकडे पळत होती, धुराची रेघ निघत होती, आणि दोन मिनिटांत फळीवर ‘मेश्राम लेझर’ उमटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. माझी ऐरण मात्र मी दाराजवळ ठेवून घेतली आहे.

१९ जानेवारी

तीन दिवस मी मशीनची परीक्षा घेतो आहे. घरून काचेचा ग्लास नेला, जुना चामडी पट्टा नेला, करवंटी, बांबूचं पेर, फरशीचा तुकडा, धुरपताच्या कोशाच्या लुगड्याचा उरलेला काठही नेला. मशीन कशालाच नाही म्हणत नाही. काचेवर वेल काढली, पट्ट्यावर माझं नाव टाकलं, कोशाच्या कापडात अशी जाळी कापली की कात्रीला जन्मात जमली नसती. कड जराशी करपते, पण दशा सुटत नाहीत. आणि एकदा काढलेली वेल शंभर वेळा काढा, शंभरावी पहिलीसारखीच. मला सत्तेचाळीस वर्षांत दोन ‘य’ सारखे जमले नाहीत.

वस्तूला हातच लागत नाही म्हणून पातळ काचसुद्धा फुटत नाही, असं तृप्ती कौतुकानं सांगते. मला तेच खटकतं. छोट्या मशीनवर तिनं स्टीलच्या डब्यावर नाव टाकलं. काळंभोर, स्वच्छ. मी डोळे मिटून अंगठा फिरवला तर बोटाला काही लागेना.

म्हणून तिला माझ्या बापाची गोष्ट सांगितली. कवडू मेश्रामचा जन्म दुसऱ्याच्या बांधीत धान रोवण्यात गेला, वाचता येत नव्हतं. मी सतरा वर्षांचा असताना पहिलं नाव टाकलं ते त्याचं, त्याच्या पाणी प्यायच्या गडव्यावर. शेवटच्या अक्षराला छिन्नी घसरली आणि पितळेवर एक ओरखडा पडला. बाप समोर बसलेला. घाबरून मी त्या ओरखड्याभोवती पाच ठिपके मारले आणि त्याची धानाची लोंबी केली. बाप म्हणाला, “हे बरं केलं. हे माह्यं आहे.” तेव्हापासून माझ्या प्रत्येक नावाच्या शेवटी लोंबी असते. पंगतीत वीस गडवे असले तरी बाप न बघता अंगठ्यानं आपला गडवा ओळखायचा. बोटाला लागत नाही ते नाव कसलं?

तृप्तीनं ऐकून घेतलं आणि वहीत काहीतरी टिपलं. सामानाची यादी असावी.

२७ जानेवारी

काल प्रजासत्ताक दिनाच्या ढाली गेल्या. सगळ्या वेळेवर. पण आज पोरीनं माझा चारचौघांत अपमान केला.

एकाला दारावरची पाटी हवी होती. कोपऱ्यात पांढरी गुळगुळीत प्लास्टिकची शीट होती, मी ती मोठ्या मशीनमध्ये ठेवली. बटन दाबणार तोच तृप्तीनं धावत येऊन भिंतीचा प्लगच ओढला. ती पीव्हीसी होती. जाळली तर विषारी धूर निघतो, छाती जळते आणि मशीनचं लोखंडही सडतं. पाटी अॅक्रिलिकची करायची, ती दिसायला तशीच. हे मला कोण सांगणार? मी गिऱ्हाइकासमोर म्हटलं, मी भांड्यावर नावं टाकत होतो तेव्हा तू पाळण्यात होतीस. ती म्हणाली, “म्हनूनच जपून राहिली ना बाबा तुमाले.” मी न जेवता घरी आलो.

संध्याकाळी तिनं मशीनशेजारी मोठ्या अक्षरात फलक लावला: काय चालतं, काय चालत नाही. पीव्हीसीखाली लाल रेघ आहे. फलक चांगला आहे, अक्षर मात्र कॉम्प्युटरचं.

५ फेब्रुवारी

आज मान ताठ झाली. राइस मिलचा मुनीम सेवकराम आला होता. तांदळाच्या कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर, मिलचं नाव छापायला जो साचा लागतो, तो आजवर मी टिनाच्या पत्र्यात छिन्नीनं कापून द्यायचो. एकेका साच्याला दीड दिवस जायचा, हाताला कापे पडायचे. तृप्तीनं पातळ अॅक्रिलिकमध्ये बारा साचे कापले, तेही सेवकरामची चाय संपायच्या आत. कडा अशा की रंग बाहेर फुटत नाही. सेवकराम आणखी दोन मिलवाल्यांना पाठवतो म्हणाला. नागझिऱ्याकडच्या एका हॉटेलानं खोल्यांच्या किल्ल्यांना लाकडी बिल्ले मागितले आहेत, त्यांवर वाघ नको, सांबर हवं. वाघ सगळेच लावतात म्हणे.

घरात मात्र काटकसर वाढली आहे. धुरपता हल्ली कप-बशीऐवजी स्टीलच्या ग्लासात चहा देते, तोही अर्धाच. विचारलं तर म्हणते, डॉक्टर म्हणतात साखर कमी घ्या. कोणता डॉक्टर ते सांगत नाही. आणि मिलवाल्यांची ही पेन भिकार आहे. मागच्या चार ओळी बघवत नाहीत.

११ फेब्रुवारी

दिघोरीच्या सत्यभामाबाई आल्या होत्या. मोठं धानवालं घर. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नातल्या गुंडावर मी नाव टाकलं होतं, धंदा सुरू केला त्याच वर्षी. आता नात भावनाचं लग्न आहे, २८ एप्रिलला. थैलीत एकवीस नवे पितळी गडवे. आहेराला साडी देण्याऐवजी घरच्या एकवीस बायांना एकेक गडवा द्यायचा, आणि प्रत्येकीवर तिचं स्वतःचं नाव.

मी विचारलं, नवऱ्याचं नाव पुढं लावायचं ना? त्या म्हणाल्या, “नाई. नुसतं तिचं. आमच्या फळीवर साऱ्या मानसाइचीच नावं आहेत. घासून राहिलो आमी अन् नाव त्याइचं.” यादीत त्यांच्या जावा, लेकी, सुना, आणि शेवटी जनाबाई. जनाबाई म्हणजे तीस-पस्तीस वर्षं त्यांच्या बांधीत रोवणा करणारी बाई. तिचंही नाव त्यांनी घरच्यांत धरलं होतं.

तृप्ती पुढं होऊन म्हणाली, छोट्या मशीनवर करून देते, एका दिवसात. सत्यभामाबाईंनी मान हलवली. त्यांना माझंच अक्षर हवं होतं, त्यांच्या गुंडावर आहे तसं, लोंबीसकट. मी तिथल्या तिथं शब्द दिला. तृप्ती माझ्या हातांकडे बघत होती. तिला वाईट वाटलं असणार, मशीनला नकार मिळाला म्हणून.

छाती फुगली आहे हे कबूल करतो.

२१ फेब्रुवारी

गडव्यांचं काम अजून धरलं नाही. हातोडीचा दांडा ढिला झाला आहे. शिवाय थंडीत पितळ कडक होतं.

३ मार्च

थंडी गेली. दांडाही बदलला.

तृप्तीचं काय चाललं आहे कळत नाही. माझी जुनी गिऱ्हाइकं शोधत फिरते. कोणाच्या घरी मी कोणत्या साली नाव टाकलं, विचारत बसते. मला सगळं आठवतं, मी अभिमानानं सांगतो. काल विचारलं, ‘झ’ असलेलं नाव कधी टाकलं होतं का? म्हटलं, झिबल पटले, नाकाडोंगरी, खाणीत होता, त्याच्या परातीवर. आणि ‘ढ’? मला हसू आलं. ‘ढ’नं सुरू होणारं माणूस आठवेना, पण आडनावात ढोक होता एक.

लोकांकडून जुनी भांडी उसनी आणते, दोन दिवस ठेवते, परत देते. घरचा कवडूचा गडवाही उचलून नेला. मला न विचारता. त्या गडव्यानं मी रोज पाणी पितो. धुरपताला बोललो तर ती म्हणाली, आणल परत, खाऊन नाई टाकत.

९ मार्च

तृप्ती पहाटेच्या बसनं नाकाडोंगरीला गेली. म्हणजे इथून भंडारा, तिथून तुमसर, पुढं जंगलाच्या कडेकडेनं. एका परातीसाठी. मला म्हणाली, तिकडं लेझरची गिऱ्हाइकं बघून येते.

आज दुकान मी एकट्यानं चालवलं, हे नोंदवून ठेवतो. पस्तीस लाकडी बिल्ले, सांबरासकट. एका शाळेच्या प्रयोगशाळेसाठी अॅक्रिलिकच्या पट्ट्या कापल्या. एक बाई मोबाइलवर नातवाचा फोटो घेऊन आली, तो मी लाकडावर उतरवून दिला. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघायचं, जोर कमी ठेवून दोनदा फिरवायचं पण एकदम जाळायचं नाही, हे मला आता कळलं आहे. फोटो हातात घेऊन बाईनं नातवाच्या गालावर बोट फिरवलं. लाकडात लेझर थोडं खोल जातं, बोटाला लागतं. ते बघून मला बरं वाटलं.

बटन दाबायला ताकद लागत नाही, हाही एक फायदा आहे.

१५ मार्च

आज खरं लिहितो, नाही तर डायरी कशाला.

दुपारी तृप्ती बँकेत गेली तेव्हा पहिला गडवा ऐरणीवर घेतला. यादीत शेवटचं नाव सरळ अक्षरांचं, म्हणून जनाबाई. ‘ज’ची दांडी मारली आणि छिन्नी सरकली. पुन्हा धरली, पुन्हा सरकली. पितळेवर ‘ज’ असा पडला की पहिलीतलं पोरगंही हसेल. लोंबी करून झाकावा असा तो ओरखडा नव्हता. गडवा पुसला, थैलीत घातला, घरी आणून धानाच्या कोठीत खोल पुरून ठेवला.

दांडा ढिला नव्हता. पितळ कडक नव्हतं. पेनही चांगली आहे. माझा उजवा हात थरथरतो. दसऱ्यापासून. आधी थोडा, आता छिन्नी धरली की जास्तच. कुणाला माहीत नाही. ज्या हातानं सगळ्या तालुक्याला नावं दिली तो हात आता माझं ऐकत नाही, आणि मी सत्यभामाबाईंना शब्द देऊन बसलो आहे. मला लाज वाटते.

२२ मार्च

मोठं भांडण झालं.

दुकानात गेलो तर तृप्तीच्या टेबलावर सात जुनी भांडी, त्यात माझ्या बापाचा गडवा उताणा पडलेला, त्यावर शिसपेन्सिलीची काजळी. शेजारी वजनकाटा. डोक्यात लख्ख उजेड पडला. जुनं पितळ चांगलं जातं, मोडीत. ही माझी नावं वितळवायला गोळा करते आहे, अन् लोकांना नवी भांडी, मशीनची नावं देणार. मी तिला तसं तोंडावर म्हटलं. आणखीही बोललो. म्हटलं, माझं नाव पुसून तुझा धंदा होत असेल तर कर, पण कवडूचा गडवा परत दे.

वाटलं, ती भांडेल. भांडली नाही. गडवा फडक्यानं स्वच्छ पुसून माझ्या हातात दिला. नुसतं म्हणाली, “बाबा, मले पंधरा दिवस द्या. गडवे तोवर नोका करू.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण मी बाहेर आलो.

धुरपतानं दुपारभर माझ्याशी बोलणं टाकलं. संध्याकाळी चहा दिला, अर्धाच.

२ एप्रिल

आज दिघोरीला गेलो. ठरवूनच. थैलीत वीस गडवे घेतले, एकविसावा कोठीत आहे, तो भंडाऱ्याहून नवा आणून देईन असं मनाशी धरलं. सत्यभामाबाईंना सांगायचं होतं, शब्द मोडतो आहे, माफ करा. रस्त्याकडेला मोहफूल वेचणाऱ्या बाया होत्या, बसमध्ये तो गोड वास भरला होता.

सत्यभामाबाईंनी पाट दिला, गुंडातलं पाणी दिलं. त्याच गुंडातलं. माझं सतरा वर्षांचं अक्षर त्यावर उभं होतं. मी तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, तुमची पोरगी येऊन गेली, मागच्या महिन्यात दोनदा. पातळ कागद ठेवून अक्षरावर पेन्सिल घासत बसली होती, दोन घंटे. जेवायला उठेना. त्यांनी विचारलं, काहून एवढं? तर म्हणाली, बाबाचा हात शिकून राहिली.

म्हणजे तृप्तीला माझा हात माहीत आहे. ती छिन्नी शिकते आहे, माझ्या जागी बसून गडवे करायला. पण पंधरा दिवसांत छिन्नी कोणाला येत नाही, मला तीन वर्षं लागली होती. तेवढं मला सांगता आलं नाही. सत्यभामाबाईंनी थैलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, गडवे घेऊन जा यादोराव, अजून लई दिवस आहेत. येताना चार पायल्या नवा तांदूळ बांधून दिला. मी शब्द मोडायला गेलो होतो आणि तांदूळ घेऊन आलो.

६ एप्रिल

तृप्तीनं सकाळी मला छोट्या मशीनसमोर खुर्ची दिली, हिरवा चष्मा घालायला दिला आणि कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला.

पडद्यावर माझं अक्षर होतं. पहिल्यांदा वाटलं फोटो आहे. तिनं बटनं दाबून ‘जनाबाई’ लिहिलं. मी कधीच न टाकलेलं नाव, माझ्या अक्षरात. ‘ज’चं पोट माझं, ‘ब’ची तिरकी रेघ माझी, छिन्नीचे ठोके दिसतात तशी तुटक रेषा. शेवटी लोंबी, पाच ठिपके. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत, काने-मात्रे-वेलांट्या, सगळं तिनं लोकांच्या फळ्यांवरून एकेक करून वेचून आणलं होतं. ‘झ’ नाकाडोंगरीच्या परातीवरचा. लोंबी कवडूच्या गडव्यावरची. वजनकाट्यावर ती जुनी आणि नवी भांडी तोलत होती, पितळ किती जाड आहे आणि किती खोल गेलेलं चालेल हे कळावं म्हणून.

ती म्हणाली, “हात तुमचा थरथरते, अक्षर नाई थरथरत बाबा.”

मी तेच केलं जे मला येतं, चुका काढल्या. म्हटलं, ‘य’ची शेपटी आखूड आहे, ती त्या भांड्यावर जागा नव्हती म्हणून आखूड केली होती. ‘र’ म्हातारपणातला घेतलास, तरुणपणातला घे. ती लिहून घेत गेली. पितळेच्या तुकड्यावर मशीन फिरवलं. मी डोळे मिटून अंगठा लावला. लागलं नाही. तिनं पुन्हा त्याच रेषेवर फिरवलं. पाच वेळा, आठ वेळा. बाराव्या वेळी अंगठ्याखाली ‘ज’ लागला, कड असलेला, खोल. लेझर हात लावत नाही हे खरं, पण पुन्हा पुन्हा त्याच जागी गेलं की पितळ झिजतं. मी म्हटलं, आता नाव झालं.

बावीस मार्चला जे बोललो त्याची माफी मागितली. ती म्हणाली, चष्मा काढू नका, मशीन चालू आहे.

१६ एप्रिल

परवा भीमजयंती होती, आठवडाभर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. अॅक्रिलिकचे बिल्ले, विहाराच्या दगडी फलकावर दानदात्यांची नावं, शाळांच्या ढाली. त्यातच गडवे. गडवा गोल, म्हणून त्याला पकडून हळूहळू फिरवणारा जबडा लावावा लागतो. जबड्यात गडवा मी बसवतो. ते काम नजरेचं आहे, हात थरथरला तरी चालतं. नजर माझी अजून शाबूत आहे. भंडाऱ्याहून आणलेला नवा धरून एकवीसही झाले. प्रत्येकावर मी अंगठा फिरवूनच पुढे सोडला. दोन परत करायला लावले.

तृप्तीनं भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेलं होतं. गोळी दिली आहे, थरथर कमी होईल पण जाणार नाही म्हणाले. साखरेबद्दल काहीच बोलले नाहीत.

सत्यभामाबाईंना आधीच सांगून टाकलं, फोनवर, मी स्वतः. अक्षर माझं, पण हात मशीनचा आणि मेहनत पोरीची. चालत नसेल तर सांगा. त्या म्हणाल्या, अंगठ्याले लागते का? म्हटलं, लागते. म्हणाल्या, मंग आना.

२८ एप्रिल

भावनाचं लग्न लागलं. मांडवात दुपारच्या जेवणाआधी सत्यभामाबाईंनी एकेकीला हाक मारून गडवा दिला. रिता, सरिता, सगळ्या. काही बायांनी आपलं नाव कधी भांड्यावर पाहिलं नव्हतं. उलटसुलट करून बघत होत्या. एकमेकींचे गडवे घेऊन लोंबी मोजत होत्या, पाचच ठिपके आहेत ना.

शेवटी जनाबाई. वाळलेली, सत्तरीची बाई, हात मातीचे झालेले. गडवा घेतला, पण वाचता येईना. इकडेतिकडे बघायला लागली. मी जवळ गेलो, तिचा अंगठा धरून नावावर ठेवला आणि अक्षरागणिक फिरवला. “हा ज. हा ना. हे बाई.” लोंबीवर आल्यावर ती थांबली. म्हणाली, “हे धान आहे.” मी म्हटलं, हो. पुढे ती जेवायला बसली ती गडवा मांडीवर घेऊनच.

माझा बाप आठवला. मी रडलो, लिहायला हरकत नाही.

लोकांनी मला विचारलं, कोणी केलं? मी तृप्तीला पुढे ओढलं आणि म्हटलं, हिनं. पंगतीत मोठ्यानं म्हटलं. अशी पोरगी माझी आहे, सगळ्या लाखांदूर तालुक्याला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं. ती लाजून डाळीच्या भांड्यामागं गेली. तीन लग्नांची ऑर्डर तिथंच मिळाली, दोघांना ‘नुसतं बाईचं नाव’ पाहिजे.

निघताना सत्यभामाबाईंनी सहज विचारलं, धुरपताबाईच्या गडव्यावरही असंच अक्षर असन ना? मी हो म्हटलं. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, धुरपताचा असा गडवाच नाही. घरातल्या भांड्यांवर कवडूचं नाव आहे, माझं आहे, तिच्या भावांचं आहे. तिचं कुठंच नाही. सत्तेचाळीस वर्षांत मला वेळ झाला नाही.

१ मे

सकाळी कोठीत हात घातला, तो बिघडलेला गडवा काढायला. सापडेना. धान उपसलं तरी नाही. वर बघितलं तर फळीवर होता, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. मार्चपासून धुरपताला माहीत होतं. त्यानं ती पाणी पीत होती.

मी तो दुकानात नेला. तृप्तीला दूर उभं राहायला सांगितलं. गडवा जबड्यात बसवला, वाकड्या ‘ज’च्या बरोबर उलट बाजूला जागा धरली, नाव लिहिलं, बारा वेळा मशीन फिरवलं. ‘ध’ छान आला. ‘धुरपता’, आणि पुढे लोंबी. बटन दाबताना बोट थरथरलं, अक्षर नाही थरथरलं.

घरी येऊन धुरपताच्या हातात दिला. तिनं डोळे मिटून अंगठा फिरवला. मग गडवा फिरवून वाकड्या ‘ज’वरही अंगठा फिरवला, आणि म्हणाली, “दोनी राहू द्या.”

चहा घेऊन आली. स्टीलचा ग्लास, अर्धा. उचलला, हात हलला तरी थेंब सांडला नाही. तेव्हा मला कळलं तो अर्धा कशासाठी असतो, आणि दसऱ्यापासून ही बाई किती वेळा काही न बोलता ग्लास अर्धा भरते आहे. तीही माझ्या तोंडाकडे बघून समजली. विचारलं, “आता माहीतच आहे साऱ्याइले, तर पूर्ण भरून देऊ का जी?”

म्हटलं, नको. अर्धाच दे. दोनदा दे.